दुकानात कार्ड मशीन बसवताना: अर्जापासून रोजच्या ताळ्यापर्यंत

बिल झालं ८,४०० रुपयांचं. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड लावलं, पिन टाकला, स्लिप निघाली. दुसऱ्या दिवशी खात्यात जमा झाले ८,२११ रुपये ६७ पैसे. कोल्हापुरात चप्पल लाइनीत दुकान असलेले एक काका तो मेसेज दाखवत माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, ह्यातलं १८८ रुपय कुठं गेलं?"

हिशेब सरळ होता. १.९ टक्के दराने कार्डाचं शुल्क १५९ रुपये ६० पैसे. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८ रुपये ७३ पैसे. दोन्ही मिळून १८८ रुपये ३३ पैसे. एक पैसाही चुकीचा कापलेला नव्हता. पण मशीन घेताना हे काकांना कुणी समजावलं नव्हतं आणि सह्या करताना त्यांनीही विचारलं नव्हतं.

मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते. चपला, साड्या, बेकरी, एक-दोन लॉज, एक दातांचा दवाखाना अशी माझी गिऱ्हाइकं. मशीन कुठलं घ्यावं हा प्रश्न मला सगळे विचारतात. पण नुकसान मशीनमुळे झालेलं मी फारसं पाहिलेलं नाही. ते होतं न वाचलेल्या करारामुळे आणि संध्याकाळी न केलेल्या ताळ्यामुळे. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना जागा जास्त दिली आहे.

आधी एक आठवडा वहीत टिपा

गल्ल्याजवळ एक छोटी वही ठेवा. कुणी "कार्ड चालतं का?" असं विचारलं की तारीख, रक्कम आणि पुढे काय झालं ते लिहा: यूपीआय केलं, रोख दिले, की माल ठेवून गेले. सात दिवस पुरतात. तुमच्या धंद्याला सण किंवा सुट्ट्यांचा हंगाम असेल तर त्यातला एखादा आठवडाही टिपा.

हे सांगण्याचं कारण आहे. किराणा दुकानात किंवा चहाच्या गाडीवर आता यूपीआयने भागतं आणि बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशावर दुकानदाराला शुल्क लागत नाही. तिथे भाड्याचं मशीन घेणं म्हणजे विनाकारण खर्च. उलट अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं कुटुंब चार जोड चपला, दोन पर्स असं सात-आठ हजारांचं घेतं तेव्हा क्रेडिट कार्ड हमखास पुढे येतं. लॉज, दागिने, मोबाइल, फर्निचर, दवाखाना, हप्त्यावर विकली जाणारी कुठलीही वस्तू, परदेशी पाहुणे येतात तो मालवण-तारकर्लीकडचा होमस्टे, या ठिकाणी कार्ड नसेल तर विक्री जाते. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारणपणे एक लाख असते, त्यामुळे मोठ्या बिलालाही कार्ड लागतं.

अजून एक पर्याय बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आणि गिऱ्हाईक तुमच्या क्यूआरवरच ते वापरू शकतं. अट इतकीच की क्यूआर व्यापारी खात्याचा हवा, तुमच्या स्वतःच्या नावावरचा घरगुती चालत नाही. छोट्या व्यापाऱ्याला अशा व्यवहारात २,००० रुपयांपर्यंत शुल्क पडत नाही, त्यावर पडतं. वहीत टिपलेल्या गिऱ्हाइकांपैकी बरेचसे यातच बसत असतील तर मशीन सहा महिने पुढे ढकला.

पैसे कापले जातात ते कसे

कार्ड लागलं की चार जण कामाला लागतात. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचं जाळं, तुम्हाला मशीन देणारी बँक आणि मध्ये असलाच तर मशीनचा सेवा पुरवठादार. या सगळ्यांचा वाटा ज्या एका आकड्यातून निघतो त्याला एमडीआर म्हणतात. तो तुमच्या बिलातून कापला जातो. हा दर सगळ्या कार्डांना सारखा नसतो आणि खरी मेख तिथेच आहे.

रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२०पासून दुकानदाराला शुल्क नाही. बाकीच्या डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८पासून कमाल मर्यादा घातली आहे. आदल्या आर्थिक वर्षातली उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि एका व्यवहारात २०० रुपयांपेक्षा जास्त नाही. उलाढाल त्याहून मोठी असेल तर ०.९० टक्के आणि एका व्यवहारात १,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तिथे दर ठरतो तो तुमच्या बोलण्यातून आणि तुमच्या धंद्याच्या प्रकारावरून. कंपन्यांची कार्डं, महागडी प्रीमियम कार्डं आणि परदेशात काढलेली कार्डं यांचा दर बहुतेक वेळा वेगळा आणि चढा असतो.

एमडीआरवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला त्यातून सूट आहे. बेकरीवाल्याची बहुतेक बिलं या सवलतीत बसतात, साडीवाल्याची क्वचित.

आता एका दुकानाचा महिना मांडून बघू. वर्षाची उलाढाल ३६ लाख, म्हणजे महिन्याला तीन. त्यातले ८०,००० कार्डाने आले. त्यात रुपे डेबिट १२,०००, इतर डेबिट १८,०००, क्रेडिट ५०,०००. रुपे डेबिटचं शुल्क शून्य. इतर डेबिट ०.९० टक्क्याने १६२ रुपये. क्रेडिट १.९ टक्क्याने ९५० रुपये. बेरीज १,११२. सगळी बिलं २,०००च्या वरची धरली तर जीएसटी २०० रुपये. मशीनचं भाडं ४०० धरू, त्यावर जीएसटी ७२. एकूण १,७८४ रुपये, म्हणजे कार्डाच्या विक्रीवर सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. जाहिरातीत "१.९ टक्के" लिहिलेलं असतं, पण तुमचा आकडा हा असा निघतो. आपल्या वहीतले आकडे घालून ही मांडणी एकदा स्वतःच्या हाताने करा. क्रेडिटचा दर पाव टक्क्याने उतरवून घेतला तर या दुकानाचे महिन्याला १२५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी वाचतो. भाडं माफ करून घेतलं तर ४७२ वाचतात. कार्डाची विक्री कमी असेल तर घासाघीस भाड्यावर करा, जास्त असेल तर दरावर.

मशीन कुणाकडून घ्यायचं

ज्या बँकेत तुमचं चालू खातं आहे तिथे आधी विचारा. स्टेट बँक, एचडीएफसी, आयसीआयसीआय, अ‍ॅक्सिस या सगळ्या मशीन देतात. खात्यात बरी शिल्लक राहत असेल तर भाडं कमी करायला शाखेत वाव असतो, आणि अडचण आली तर जाऊन बसायला एक टेबल असतं. हे टेबल मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा मार्ग पाइन लॅब्स, रेझरपे, पेटीएम यांच्यासारख्या कंपन्यांचा. अर्ज मोबाइलवरून होतो, अ‍ॅपमध्ये हिशेब छान दिसतो, एकाच मशीनवर क्यूआर, कार्ड आणि हप्ते सगळं मिळतं. अशी कंपनी निवडताना एक तपासणी चुकवू नका. दुसऱ्यांचे पैसे गोळा करून व्यापाऱ्याला देणाऱ्या बिगरबँक कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. ती उघडून कंपनीचं कायदेशीर नाव शोधा, नुसता ब्रँड पाहून थांबू नका. पैसे एक दिवस का होईना त्यांच्या हातून येणार आहेत.

मशीनच्या प्रकारावर फार वेळ घालवू नका. सिम आणि वायफाय दोन्हीवर चालणारं, स्वतः स्लिप छापणारं मशीन बहुतेकांना पुरतं. घरोघरी माल पोहोचवणाऱ्याने स्मार्टफोनवरच कार्ड टॅप करून घेणारी सोय विचारावी. सिम मात्र तुमच्या दुकानाच्या आत कुठल्या कंपनीचं नेटवर्क पकडतं हे बघूनच मागा. जुन्या वाड्यातल्या, दोन-दोन फूट जाड भिंतींच्या दुकानांत हा प्रश्न रोज छळतो.

कागद

पॅन, आधार, चालू खात्याचा रद्द केलेला चेक, दुकानाचा पुरावा, पाटीसकट दुकानाचा फोटो, जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर बँका सहसा धंद्याचे दोन पुरावे मागतात. शॉप अ‍ॅक्ट (दुकानाची नोंद) आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) या दोन्हींत काम भागतं. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला २०१७च्या कायद्याप्रमाणे पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिल्याची पावती पुरते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी कुणी हजार-दीड हजार मागितले तर देऊ नका.

अर्ज अडतात ते नावापायी. एका वहिनींच्या शिवणकामाच्या दुकानाचा अर्ज तीन आठवडे पडून होता. शॉप अ‍ॅक्टवर "श्री अंबिका लेडीज टेलर्स", बँक खात्यावर "अंबिका लेडीज टेलर", पाटीवर नुसतं "अंबिका". माणसाला हे एकच दुकान वाटतं, संगणकाला तीन वाटतात. बँकेत अर्ज देऊन खात्याचं नाव शॉप अ‍ॅक्टप्रमाणे करून घेतलं आणि मग चार दिवसांत काम झालं. अर्ज करण्याआधी सगळे कागद टेबलावर एका ओळीत ठेवा आणि नाव अक्षर न अक्षर जुळवून बघा. पत्त्याचंही तसंच.

बचत खात्यावर मशीन देतो असं काही जण म्हणतात. घेऊ नका. घरखर्च आणि धंदा एका खात्यात गेला की वर्षअखेरीला दोन्ही वेगळे काढताना जीव मेटाकुटीला येतो, हे मी दर जुलैला अनुभवते.

करारावर सही करण्याआधी

दुकानात येणारा प्रतिनिधी चांगला मुलगा असतो, त्याला टार्गेट असतं, आणि तो जे बोलतो ते कागदावर नसतं. माझ्या एका गिऱ्हाइकाला "भाडं झिरो" असं सांगून मशीन दिलं. करारात अट होती की महिन्याची कार्ड विक्री ठरावीक रकमेच्या खाली गेली तर भाडं लागेल. पावसाळ्यात विक्री पडली आणि तीन महिने भाडं कापलं गेलं. मी करार काढून वाचला, तर अट स्वच्छ लिहिलेली होती. भांडायला जागाच नव्हती.

म्हणून दरपत्रक ईमेलवर मागा. त्यात रुपे डेबिट, इतर डेबिट, साधं क्रेडिट, प्रीमियम आणि कंपनी कार्ड, परदेशी कार्ड यांचे दर वेगवेगळ्या ओळींत हवेत. "सरसकट १.७५ टक्के" असं कुणी म्हणालं तर थांबा. सरसकट म्हणजे डेबिट कार्डावरही तोच दर लावणार का, हे लेखी विचारा. डेबिटची कमाल मर्यादा वर दिली आहे, त्यावर जाता येत नाही. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तसं प्रमाणपत्र किंवा विवरणपत्र आधीच जोडा, नाहीतर तुम्हाला मोठ्या गटात टाकलं जाण्याची भीती असते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग भाडं कधीपासून, किमान विक्रीची अट आहे का, मुदतीआधी मशीन परत केलं तर दंड किती, मशीन पडून फुटलं तर भरपाई किती. पैसे दुसऱ्या दिवशी येतात की त्यानंतर, रविवारी आणि बँकेच्या सुट्टीला काय होतं. शुल्क रोजच्या रोज कापतात की महिन्याला एकदम. माझं मत विचाराल तर रोज कापलेलं बरं, कारण ताळा त्याच दिवशी लागतो. गिऱ्हाइकाला पैसे परत केले तर मूळ व्यवहाराचं शुल्क परत मिळतं का हेही विचारा, बऱ्याचदा मिळत नाही.

आणि एक चार आकडी संख्या जरूर तपासा. प्रत्येक व्यापाऱ्याला धंद्याच्या प्रकाराचा एक कोड मिळतो. उपाहारगृह ५८१२, बेकरी ५४६२, किराणा ५४११, औषधं ५९१२, दागिने ५९४४. या कोडावर दर अवलंबून असू शकतो, गिऱ्हाइकाच्या कार्डाचे पॉइंट अवलंबून असतात, आणि काही कंपनी कार्डं ठरावीक कोडवरच चालतात. बेकरीवर दागिन्यांचा कोड पडला तर अडचण पुढे कधीतरी येते, आणि तेव्हा कारण सापडत नाही.

मशीन आल्याचा दिवस

बसवायला आलेल्या माणसाला दहा मिनिटांत जाऊ देऊ नका. आधी त्याचं ओळखपत्र बघा आणि मशीनच्या पाठीवरचा अनुक्रमांक पोचपावतीवरच्या क्रमांकाशी जुळवा. मग स्वतःच्या डेबिट कार्डाने दहा रुपयांचा व्यवहार करा. स्लिप हातात घेऊन नीट वाचा: वर दुकानाचं नाव आणि गाव बरोबर आहे का? हेच नाव गिऱ्हाइकाच्या स्टेटमेंटवर दिसतं. तिथे भलतंच नाव असेल तर महिन्याभराने तो "हा खर्च माझा नाही" म्हणून बँकेत तक्रार करतो आणि चूक त्याची नसते. स्लिपवर एमआयडी आणि टीआयडी असे दोन क्रमांक असतात, पहिला तुमच्या दुकानाचा, दुसरा त्या मशीनचा. ते गल्ल्याच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा, कारण मदत केंद्रावर पहिला प्रश्न तोच असतो.

दुसरा दहा रुपयांचा व्यवहार करून तो व्हॉइड करा, म्हणजे रद्द कसा करतात ते हाताला कळेल. रद्द करण्याचा आणि रिफंडचा पासवर्ड बदलून घ्या आणि तो फक्त मालकाकडे ठेवा. वायफाय काढून सिमवर आणि सिम काढून वायफायवर एकेकदा चालवून बघा. दुसऱ्या दिवशी पहिले दहा रुपये खात्यात आले की नाही ते पाहा. ते येईपर्यंत मोठा व्यवहार घेऊ नका.

कागदाचे रोल ५७ मिलिमीटर रुंदीचे लागतात. चार रोल ठेवा. कागद थर्मल असतो, उन्हात आणि उष्णतेने अक्षरं उडतात. काउंटरवर ऊन येत असेल तर स्लिपा तिथे ठेवू नका.

विक्री करताना

मशीन काउंटरच्या अशा जागी ठेवा की गिऱ्हाईक स्वतः रक्कम वाचेल, स्वतः कार्ड लावेल आणि स्वतः पिन टाकेल. कार्ड घेऊन आत जाणं बंद. पिन तोंडी विचारणं तर कधीच नाही, समोर ओळखीची आजी असली तरी. ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय नुसतं टॅप करून पैसे जाऊ शकतात, त्यामुळे टॅप करण्याआधी रक्कम मोठ्याने सांगण्याची सवय सगळ्या मुलांना लावा. "काकू, एक हजार सातशे पन्नास, बघा बरोबर आहे का." शून्य जास्त पडल्याच्या चुका इथेच पकडल्या जातात.

व्यवहार मंजूर झाल्याचं मशीनवर दिसलं आणि स्लिप निघाली तरच माल द्या. गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे गेल्याचा मेसेज आला, पण तुमच्या मशीनने स्लिप दिली नाही, हा प्रसंग दर महिन्याला एकदा तरी येतो. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांचाही आवाज चढतो. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा कार्ड लावू नका. आधी मशीनमध्ये शेवटचा व्यवहार उघडून बघा. तिथे तो नसेल तर गिऱ्हाइकाला शांतपणे सांगा की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार स्लिप न निघालेल्या व्यवहाराचे पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप त्यांच्या खात्यात परत गेले पाहिजेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई त्यांच्या बँकेकडून मिळते. फसलेल्या व्यवहाराच्या पडद्याचा फोटो त्यांना काढू द्या. हे दोन वाक्यांत सांगणारा दुकानदार असेल तर गिऱ्हाईक बहुतेकदा दुसरं कार्ड काढतं.

चुकीची रक्कम लागली आणि त्या दिवसाचं सेटलमेंट (दिवसभराचे व्यवहार मशीनवरून बँकेकडे हिशेबाला पाठवणं) झालेलं नसेल तर व्हॉइड करा. झालं असेल तर रिफंड, त्याला काही दिवस लागतात. कार्डाने आलेले पैसे रोखीने परत देऊ नका. रोख घेऊन गेलेला माणूस नंतर बँकेत तक्रार करून तेच पैसे पुन्हा मिळवू शकतो आणि तुमच्याकडे पुरावा नसतो.

शुल्क गिऱ्हाइकाकडून वसूल करण्याची पद्धत बाजारात सर्रास दिसते, "कार्ड असेल तर दोन टक्के वर." डेबिट कार्डावर असं घेऊ नये हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलं आहे, आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीत तुमच्या करारात बहुधा मनाई असते. तक्रार झाली तर मशीन जातं. खर्च मालाच्या किमतीत आधीच धरा.

फोनवर ऑर्डर घेत असाल तर कार्डाचा क्रमांक कधीही लिहून घेऊ नका. पेमेंट लिंक पाठवा. ओटीपी गिऱ्हाईक स्वतः टाकतं आणि कार्डाची माहिती तुमच्या हाताला लागतच नाही. १ ऑक्टोबर २०२२पासून व्यापाऱ्याने कार्डाचा क्रमांक साठवून ठेवायलाच मनाई आहे, आणि वहीत लिहिलेला क्रमांकही उद्या तुमच्याच अंगावर येऊ शकतो.

संध्याकाळचा ताळा

हे काम दहा मिनिटांचं आहे. दुकान बंद करताना मशीनवरून दिवसाचा सारांश छापा. जुन्या मशीनवर सेटलमेंट स्वतः दाबावं लागतं, नव्यांत ते आपोआप होतं. तुमचं कुठलं आहे ते विचारून ठेवा, कारण न दाबलेल्या सेटलमेंटचे पैसे अडकून राहतात. सारांशावरची बेरीज आणि बिलबुकातली कार्डाची बिलं जुळली पाहिजेत. प्रत्येक बिलावर पेन्सिलने रोख, यूपीआय किंवा कार्ड असं लिहिलेलं असेल तर हे पटकन होतं.

मग रोजकीर्दीत नोंद. विक्री लिहायची ती पूर्ण, ८,४०० ला ८,४००. नावे टाकायचं "कार्ड येणे" या खात्याला. दुसऱ्या दिवशी बँकेत ८,२११.६७ आले की तेवढी बँकेची नोंद, १५९.६० शुल्काच्या खर्चाला, २८.७३ जीएसटीला, आणि "कार्ड येणे" शून्यावर. हे खाते दर शनिवारी बघा. तिथे दोन दिवसांपेक्षा जुनी रक्कम दिसली तर पैसे कुठेतरी अडले आहेत. चप्पल लाइनीतल्या काकांना मी हीच पद्धत लावून दिली. पहिल्याच महिन्यात ३,२०० रुपयांचा एक व्यवहार त्या खात्यात पडून राहिलेला सापडला. तो दिवस, टीआयडी आणि स्लिपवरचा संदर्भ क्रमांक देऊन तक्रार केली आणि आठवड्यात पैसे आले. आधीच्या वर्षभरात असे किती राहिले असतील याचा पत्ता लागला नाही, कारण स्लिपांवरची अक्षरं उडाली होती.

बरेच जण खात्यात आलेली रक्कम हीच विक्री म्हणून लिहितात. ते चूक आहे. जीएसटी पूर्ण बिलावर भरायचा असतो, आणि उत्पन्नातही विक्री पूर्ण दाखवून शुल्क खर्चात टाकायचं असतं. जीएसटी नोंदणी असेल आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) नसाल तर शुल्कावर कापलेला जीएसटी वजावटीत मिळतो. त्यासाठी बँकेकडे तुमचा जीएसटी क्रमांक नोंदवा आणि महिन्याचं कर बीजक मागून घ्या.

आयकरात कार्डाचा एक फायदा आहे. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के. योजनेची उलाढालीची मर्यादा दोन कोटी आहे, आणि रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ती तीन कोटी होते.

तक्रारी, फसवणूक आणि मशीन परत देणं

"हा व्यवहार मी केला नाही" किंवा "माल मिळाला नाही" असं गिऱ्हाइकाने त्याच्या बँकेला कळवलं की चार्जबॅक येतो. तुम्हाला ईमेल येतो, उत्तराला थोडेच दिवस मिळतात, आणि उत्तर दिलं नाही तर रक्कम कापली जाते. म्हणून अर्जात दिलेला ईमेल रोज उघडला जाणारा असावा, ज्या भाच्याने अर्ज भरला त्याचा नको. दर आठवड्याला स्लिपांचे फोटो काढून तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा, स्लिपच्या मागे बिल क्रमांक लिहा. किमान दीड वर्ष जपा. चिप आणि पिनने झालेला व्यवहार, सही केलेलं बिल आणि माल पोहोचल्याची पोच असेल तर तुमची बाजू भक्कम असते.

ओळखीचा कुणी म्हणेल, "कार्ड घासतो, मला रोख दे, वर दोन टक्के ठेव." नाही म्हणा. शेजारच्या दुकानाची विक्री आपल्या मशीनवर घेणं हेही तसंच. दोन्ही करारभंग आहेत, एकदा पकडलं गेलं की खातं गोठतं आणि दुसरी बँकही मशीन द्यायला कचरते. "अपडेट करायला आलोय" म्हणून मशीन उचलणाऱ्याला आधी मदत केंद्रावर फोन लावून खात्री होईपर्यंत हात लावू देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. त्यासाठी पहिल्या तक्रारीचा क्रमांक हवा, म्हणून तोंडी तक्रारीवर कधी थांबू नका.

आणि मशीन नको झालं तर ते कपाटात टाकू नका, भाडं चालूच राहतं. लेखी अर्ज द्या, मशीन, चार्जर आणि सिम परत केल्याची अनुक्रमांकासह पोच घ्या, शेवटचं सेटलमेंट खात्यात आल्याचं बघा, आणि पुढचे तीन महिने बँक स्टेटमेंटमध्ये भाड्याची ओळ दिसते का ते तपासत राहा.